लडकूबुवांची शून्यं

मी आठ दिवस खाडीकाठी काढून आलो, हे कळलं तसं आमच्या बार्शीतल्या आळीत लोक मला बसायला सतरंजी टाकू लागले. साहजिकच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे पाहुणा. चार दिवसांनी येतो, घटकाभर थांबतो आणि घागरी अर्ध्या ठेवून जातो. तिकडे पाणी दिवसातून दोनदा कुणी न बोलावता अंगणापर्यंत येतं आणि दोनदा न सांगता निघून जातं. हे सांगितल्यावर शेजारचे हणमंतराव म्हणाले, "मास्तर, थापा जरा बेतानं."

मी थापा मारतो हे खरं आहे, गावाला ते ठाऊकही आहे. तेव्हा पुढच्या मजकुरातला चौथा हिस्सा तुम्ही खुशाल वजा करा. उरेल ते मात्र जपून वाचा, कारण मला अजून त्या उरलेल्याचीच भीती वाटते.

माघ वद्य सप्तमी, डोंबिवली

माझी मावसबहीण सुनंदा ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि डोंबिवलीला राहते. तिनं अंतर्देशीय पत्रात तीनच ओळी लिहिल्या होत्या : "अण्णा, तुला आकडे खेळवता येतात, मला खाडी कळते. दोन्ही एकत्र करायचंय. आठ दिवस ये."

मी बार्शीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. सोलापूरला सुट्टीतल्या वर्गात प्रोग्रॅम लिहायलाही शिकलो होतो. तेव्हा, म्हणजे नव्वद सालच्या आगेमागे, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आम्ही तर आत शिरताना उंबऱ्याला हातही लावायचो. आमच्या वर्गातल्या एकानं पहिल्या दिवशी उदबत्ती आणली होती.

सुनंदानं मला चहाही नीट पिऊ दिला नाही. ओट्यावरच कागद पसरला.

"हे बघ. खाडीत कोळंबी आहे. तिला जिताडा मासा खातो. कोळंबी वाढली की जिताडा वाढतो, जिताडा वाढला की कोळंबी संपत जाते, मग जिताडाच उपाशी मरतो. बरोबर?"

"बरोबर. आमच्या कॉलेजात क्लार्क आणि फायलींचं असंच आहे."

"ऐक रे. पण कोळंबी चिखलावर जगते, चिखलाची नड काठची तिवराची झाडं पाला गाळून भागवतात, तिवरांना भरतीचं पाणी लागतं, भरती चंद्रावर. वरून उल्हास नदीचं गोडं पाणी येतं ते वेगळंच. एकेक प्राणी कापून पाहिला तरी यातलं काही कळत नाही. सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध आहे, आणि एवढं माणसाच्या डोक्यात एका वेळी मावत नाही. म्हणून गणितं मांडून ती खाडी यंत्रात चालवायची."

"म्हणजे खाडीचं बाहुलं करायचं."

"बाहुलं म्हण. पण त्याच्या पायात टाचणी टोचली तर खऱ्या खाडीनं ओरडायला पाहिजे. तरच ते बाहुलं कामाचं."

ही तिची उपमा मला तेव्हा फार आवडली. पुढे आवडेनाशी झाली.

अष्टमी, शहाड

गोडं पाणी कुठून येतं ते दाखवायला तिनं मला शहाडला नदीवर नेलं. मी मनात आमची चांदणी नदी धरून गेलो होतो, जिच्यात पावसाळा सोडून पोरं क्रिकेट खेळतात. इथे उल्हास नदी दोन्ही काठांना टेकून बसली होती, वर हिरवी जलपर्णी, आणि आवाज म्हणून नाही. एवढं पाणी आणि चिडीचूप. मला वाटलं, वळून बघतंय की काय कुणी.

त्या तंद्रीत पाय घसरला. मी वाचलो, पण डाव्या पायातली कोल्हापुरी चप्पल गेली. बार्शीच्या चांभारानं तीन टाके जास्त घालून दिलेली चप्पल पाण्यावर एकदा वळली आणि ऐटीत निघाली.

सुनंदानं कागदावर पेन्सिल फिरवली आणि हसत म्हणाली, "चार ओहोट्या. परवा कोलशेतला उतरून घे."

दशमी, कोलशेत

कोलशेतला ठाण्याहून गेलो. गाव खाडीच्या काठाला. ओहोटी होती आणि मैलभर नुसता चिखल चमकत होता. चिखलावर जागोजागी डोळे होते. अतिशयोक्ती नाही, नुसते डोळे. निवटी नावाचा मासा तिथे पाण्याबाहेर येऊन चिखलात बसतो, आणि त्याचे डोळे कपाळाच्याही वर असतात. मी थांबलो की ते थांबायचे. मी चाललो की सगळे एकदम सरकायचे.

सुनंदाची खाडीची सगळी माहिती तिथल्या एका कोळ्याच्या घरातून आली होती. थोरले लडकूबुवा आणि धाकटे बाळाराम, दोघे सख्खे भाऊ. बुवांना दम्यानं खाटेला खिळवलं होतं, त्यामुळे होडी आता बाळाराम नेत. पण हिशेब बुवांचाच. रोज डोल, म्हणजे खाडीत रोवायचं पिशवीसारखं जाळं, जितक्या टोपल्या देईल तितक्या तिरप्या रेघा बुवा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात मारत. काहीच नाही आलं तर वाटोळं शून्य. अशी बारा वर्षांची कॅलेंडरं त्यांनी छपराच्या वाशाला गुंडाळून ठेवली होती.

"ये मास्तर," बुवा म्हणाले. दोन शब्द झाले की ते श्वास घ्यायला थांबत. "तू आमची खाडी पेटीन भरनार, असा ताय बोलली."

"प्रयत्न आहे."

"भर. पन झाकन उघडा ठेव. पानी कोंडला का वास मारतो."

इतक्यात बाळाराम होडीवरून आले. दोन बोटांत धरून त्यांनी माझ्यापुढे काहीतरी चिखलाचं धरलं. "ही कोनाची हाय? डोलीत आली. आमच्या गावान असली कोन घालत नाय."

माझी चप्पल. तीन टाके जास्तीचे.

सुनंदा खुशीत हसली. बुवा हसले नाहीत. ते सुनंदाच्या पेन्सिलीकडे बघत राहिले. "चप्पल कवा येनार ते हिला ठाव होता," ते बाळारामना म्हणाले.

बाळारामच्या घरधनिणीनं, हिराबाईनं, निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला चावावं लागतं, ही जिभेवर ठेवली की आपणहून नाहीशी होते. कालवणातले निवटे मात्र अजूनही वरच बघत होते. मी डोळे मिटून जेवलो आणि तीनदा वाढून घेतलं.

द्वादशी, मानपाडा

सुनंदाचे यजमान मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात होते. त्या दिवशी तिथल्या औद्योगिक वसाहतीला आठवड्याची सुट्टी, म्हणून त्यांच्या साहेबांनी ऑफिसातला कॉम्प्युटर वापरायला दिला. एरवी धडधडणारी ती वसाहत गप्प होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, फक्त नाकाला झोंबणारा आंबूस वास. खोलीत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.

बुवांकडून मागून आणलेली कॅलेंडरं आम्ही दोन दिवस बसून आकड्यांत उतरवली होती. सुनंदाची गणितं चालवली. कोळंबी, जिताडा, चिखल, चंद्र. आकडे खऱ्या टोपल्यांच्या बरेच जवळ आले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त शून्यं जुळेनात. ऐन उधाणाच्या दिवशी, जेव्हा डोल फाटेस्तोवर भरायला हवी, तेव्हाच कॅलेंडरात मधूनच शून्य.

"ते सोडून देऊ," ती म्हणाली. "जाळं फाटलं असेल, काही असेल."

आता मला माझी करामत दाखवायची होती. मी प्रोग्रॅमला एक शेपूट जोडलं. तिचं गणित आणि खरा आकडा यांतला फरक उचलायचा, त्या फरकात काही ताल सापडतो का बघायचा, आणि सापडला तर तो पुढे वाढवायचा. ताटात उरलेलं ते गोळा करणारं, म्हणून फाइलीला नाव दिलं 'खरकटं'.

ताल सापडला.

सुनंदानं नाक मुरडलं. "इतक्या खुंट्या पिरगाळल्यास की रेडिओवर कुठलंही स्टेशन लागतं, अण्णा."

"मग परीक्षा घे."

तिनं शेवटच्या वर्षाचे आकडे काढून घेतले, ते कॅलेंडर पाठीमागे धरलं. यंत्राला फक्त आधीची वर्षं दिली. प्रिंटर किंचाळत सुटला. छिद्रांच्या कडांचा कागद घडीवर घडी बाहेर येत राहिला, दिवसाला एक ओळ. मी शून्यं वाचत गेलो, ती कॅलेंडरात बोट ठेवत गेली. चार शून्यं होती. चौथ्याला तिचं बोट चौकोनावरच राहिलं. "जुळलं," ती म्हणाली आणि कॅलेंडर टेबलावर उलटं ठेवलं.

मग मी तिचं न ऐकता सगळे आकडे परत घातले आणि पुढची पाच वर्षं छापून काढली. पहिलंच पान बघितलं. येणाऱ्या अमावस्येला शून्य. दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पुन्हा शून्य.

त्रयोदशी, कोलशेत

शून्यांचं कारण विचारायला आम्ही परत गेलो. सुनंदानं सोबत आणलेल्या गेल्या वर्षाच्या कॅलेंडरातल्या एका शून्यावर बोट ठेवलं. "बुवा, या दिवशी उधाण होतं. मासळी का नाही आली?"

"मासली आली असंल," बुवा म्हणाले. "होरी नाय गेली. त्या रोजी गोमा वारला."

"आणि हे?"

"गोमाची बहीन."

"हे?"

"ह्या रोजी ना... खालच्या आळीतला म्हातारा."

कोलशेतची रीत अशी, की गावात कुणी गेलं तर कुणाचीही होडी सुटायची नाही. आमच्याकडे माणूस गेला तर दुकानाची एक फळी लावतात आणि दुसरीतून गिऱ्हाईक आत घेतात. इथे अख्खी खाडी बंद. सुनंदानं आणि मी बारा वर्षांचे मासे मोजतोय असं समजून माणसं मोजली होती. आणि माझ्या खरकट्यानं त्यांचाच ताल धरला होता.

मग बुवा म्हणाले, "आता त्या पेटीला पुढचा शून्य कवा दिसतो?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बोललो. "अमावस्येला."

"परवा," बाळाराम म्हणाले. "एक का दोन?"

"म्हणजे?"

"गावातला गेला तर एक रोज होरी बंद. घरातला गेला तर दोन रोज. वैनी गेली तवा दोन होती, बघा कॅलेंडरान."

कागद माझ्या हातात होता, घडी घातलेला. मी अंगठा दुसऱ्या ओळीवर सरकवला. "एकच," मी म्हणालो, आणि सगळ्यांना दिसेल असं फक्त वरचं टोक दाखवलं.

एक शून्य म्हणजे गावातलं कुणीही. पण खाटेला खिळलेला एकच होता, आणि सगळे त्याच्याचकडे न बघण्याची काळजी घेत होते.

बुवा मात्र हसायला लागले. हसता हसता त्यांना ढास लागली. हिराबाई पाणी घेऊन आली. "माजा नंबर लावलान काय त्या पेटीनी? बरा. बाळाराम, परवा आपली होरी बांधून ठेव."

"दादा, येड लागला काय? कोन मेला नसताना होरी बांधाची? ते तर बोलावल्यासारका होईल. वर उधान."

"आपली एकच बांध. पेटीला आपल्याच घरचा हिशेब ठाव." बुवांनी श्वास घेतला. "तिला शून्य पायजे ना? देऊ. तिला काय ठाव मी मेलो का जिता? तुमी तिला टोपल्या मोजाला शिकवलाव. मानसा मोजाला नाय."

संख्याशास्त्रात मी पदवी घेतली, बावीस वर्षं ते शिकवलं. एवढं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

अमावस्या, कोलशेत

सकाळी उधाणाचं पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत चढलं. गावातल्या सगळ्या होड्या सुटल्या. लडकूबुवांची तेवढी खुंट्याला, पाण्यावर हलत. दोर ताणला की लाकूड कण्हल्यासारखं वाजे.

बांधलेली होडी बघून माणसं यायला लागली. आधी शेजारचे दोघे, टोप्या काढून हातात घेतलेल्या. मग चार बायका, पदर तोंडाशी. दाराशी येऊन हळूच विचारत, "कोन गेला?"

आणि आतून खाटेवरून आवाज येई, "कोन नाय. बसा. च्या घ्या."

हे दहा-बारा वेळा तरी झालं असेल, माझ्या हिशेबानं पन्नास. हिराबाईचं आधण उतरेना. बुवांना मजा येत होती. "तुजे डोले आदीच लाल? कांदा चिरत व्हतीस काय गं," असं एकीला म्हणाले. पण मी त्यांच्या पायथ्याशी बसलो होतो आणि त्यांची पावलं माझ्या हाताला लागत होती. बर्फासारखी गार. भेटायला आलेले लोक चहा घेऊनही उठत नव्हते. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळे जणू पाणी उतरायची वाट बघत भिंतीला टेकून बसले. सुनंदा कधी देव मानत नाही, तिनं माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं.

दुपार कलली. चिखल उघडा पडला. एकेक करून डोळे वर आले.

बुवांनी कोळसा मागितला. बाळारामनी कॅलेंडर खाली उतरवून धरलं आणि बुवांनी त्या चौकोनात सावकाश, दोनदा गिरवून, वाटोळं शून्य काढलं. मग घरात सगळे एकदम बोलायला लागले.

मी कागदाची घडी चाचपली. माझ्या खिशात दुसरं होतं.

प्रतिपदा, कोलशेत

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. सकाळी सुनंदाला म्हणालो, कॅलेंडरं परत देऊन येतो. खरं म्हणजे मी रात्रभर ठरवत होतो की सांगावं, आणि सांगितल्यावर त्या माणसाचं काय होईल.

गावात शिरलो. वळणावरून किनारा दिसतो. होडी बांधलेली होती.

हातातली कॅलेंडरं पडली. बारा वर्षं धुळीत उलगडली. मी ती उचलली की नाही आठवत नाही. दारापर्यंत कसा गेलो तेही नाही. आत बाळाराम जाळं विणत होते. खाटेवर लडकूबुवा मांडी घालून भाकरी खात होते.

"दोन व्हती ना रं?" ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुज्या अंगठ्यानी. बाळाराम 'दोन रोज' बोलला आनि तो सरकला. चालीस वर्सा पान्याखालचा बघत आलो मी. कागदाखालचा नाय दिसनार?" त्यांनी घास चावून संपवला. "काल बोललो नाय. तू जीव लावून लपवलास, मंग म्हटला जाऊ दे."

त्यांनी आजच्या चौकोनातलं शून्य मला दाखवलं. काढून झालं होतं.

"अजून हायेत पुढं?"

"पाच वर्षांचा कागद आहे, बुवा."

"मना सांगू नको. तू पन बघू नको. फेकून दे खाडीन."

"फेकतो," मी म्हणालो. मी किती खरं बोलतो ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं आहे.

निघताना त्यांनी शब्द दिला, की रेघा चालू राहतील आणि दर वर्षी जुनं कॅलेंडर सुनंदाच्या हाती पोचेल. सुनंदानं माझं शेपूट प्रोग्रॅममधून त्याच आठवड्यात कापून टाकलं. तिची खाडी त्याच्यावाचून उत्तम चालली. कोळंबी कुठे कमी होते आहे ते तिनं बाहुल्यात आधी दाखवलं आणि चिखलात मग.

बार्शी

कागदाचा गठ्ठा मी ट्रंकेच्या तळाशी घातला, वर लग्नातला कोट ठेवला. दर वर्षी आकडे उतरवून झाले की सुनंदा ते जुनं कॅलेंडर मला पोस्टानं पाठवी. मी ते भिंतीला लावी, उलटलेलं वर्ष असूनसुद्धा. बायको म्हणे, लोक येणाऱ्या वर्षाचं लावतात. मी तिरप्या रेघा बघत बसे. उजवीकडे झुकलेल्या, दम लागलेल्या माणसासारख्या. ट्रंक उघडत नसे.

चौथ्या वर्षीचं कॅलेंडर आलं. भाद्रपदापर्यंत रेघा झुकलेल्या होत्या. मग शेजारशेजारच्या दोन चौकोनांत दोन शून्यं, नीट, एकदाच काढलेली. त्याच्यापुढच्या रेघा सगळ्या सरळ उभ्या. बाळारामच्या हातच्या.

ती दुपार मी ट्रंकेसमोर बसून काढली. मग कोट बाजूला केला, घड्या उलगडल्या, आणि वर्ष, महिना, दिवस अशी बोट ठेवत ती ओळ शोधली. छाती इतकी वाजत होती की हणमंतरावांनी भिंतीपलीकडून विचारायला हवं होतं.

शून्य नव्हतं. पुढच्या दिवशीही नव्हतं. मागेपुढे पंधरा दिवस पाहिलं, कुठेही नव्हतं.

त्या ओळीवर यंत्रानं त्या अख्ख्या वर्षातला सर्वांत मोठा आकडा छापला होता. लडकूबुवा गेले त्या दिवशी, पेटीच्या हिशेबानं, खाडी काठोकाठ माशांनी भरलेली होती, आणि कोलशेतची एकूण एक होडी खुंट्याला बांधलेली होती.